थायरॉईडची गोळी, तीन शिफ्टा आणि गंगावेशचं दूध

थायरॉईड हा बायकांचा आजार, अशी आमच्याकडं पक्की समजूत आहे. बायकांमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो हे खरंच. पण पुरुषांनाही होतो, आणि पुरुषांचा बऱ्याचदा उशिरा सापडतो, कारण तिकडं कुणाचं लक्षच जात नाही. माझा सापडला तो कोलेस्टेरॉलच्या वाटेनं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये दर वर्षी सगळ्यांची आरोग्य तपासणी होते. 2018 च्या तपासणीत माझं कोलेस्टेरॉल भलतंच वर गेलेलं निघालं. मी रिपोर्ट घेऊन शाहूपुरीतल्या एका फिजिशियनकडं गेलो.

त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहायच्या आधी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. डोळ्यांखाली सूज, आवाज जड झालेला, नाडी मंद. जिना चढताना पिंडऱ्या भरून येतात का, इतरांपेक्षा थंडी जास्त वाजते का, पोट साफ होतं का, दुपारी झोप आवरत नाही का, असं एकेक विचारत गेले. सगळ्याला माझं उत्तर हो होतं. हे सगळं मी पन्नाशी उलटल्याच्या आणि रात्रपाळीच्या खात्यावर टाकलं होतं. घरच्यांनीही तेच धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, बघू. थायरॉईड मंदावलं असेल तर कोलेस्टेरॉल त्यानंच चढतं. मूळ दुरुस्त झालं की ते बरंचसं आपोआप उतरेल."

टीएसएच आला 38. प्रयोगशाळेच्या कागदावर नॉर्मल म्हणून साधारण 0.4 ते 4 छापलेलं होतं. अँटी-टीपीओ ही दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर उलटली होती आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत चालली होती. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं म्हणून त्यांचंच नाव त्याला आहे. माझ्या आक्कालाही बऱ्याच वर्षांपासून थायरॉईड आहे. हा आजार घराण्यात चालतो, हे मला तेव्हा समजलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण निम्मा गोंधळ तिथंच होतो. टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो तयार करते, आणि त्याचं काम थायरॉईडला 'हार्मोन बनव' असं सांगण्याचं. थायरॉईड कमी पडलं की पिट्युटरी जास्त जोर लावते आणि टीएसएच चढतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड कमी. गोळीचा डोस वाढवला की टीएसएच उतरतो, जास्त झाला की नॉर्मलच्याही खाली जातो. एवढं डोक्यात बसलं की पुढचे सगळे रिपोर्ट आपले आपल्याला वाचता येतात.

गोळीचं नाव लिव्होथायरॉक्सिन. ग्रंथी जो टी-फोर हार्मोन बनवते, तोच कारखान्यात बनवलेला. शरीर त्याचा गरजेप्रमाणे टी-थ्री करून घेतं. माझ्या वजनाला पूर्ण डोस किती लागेल याचा अंदाज डॉक्टरांनी लगेच सांगितला. दर किलोमागं रोज साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे मला सव्वाशेच्या आसपास. पण वय पन्नाशीपुढचं, शिवाय कोलेस्टेरॉल चढलेलं, म्हणून आधी ईसीजी काढायला लावला आणि सुरुवात 50 मायक्रोग्रॅमनं केली. "बरेच दिवस मंद चाललेल्या हृदयाला एकदम पळवायचं नाही," हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

औषधाच्या दुकानात बाटल्या मांडून ठेवल्या होत्या: 12.5, 25, 50, 75, 88, 100, 112. एवढे बारीक फरक कशाला, असं शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाईकानं विचारलं. मला मात्र विचारावं लागलं नाही. मी क्वालिटीत आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. बोअर, म्हणजे आतलं भोक, वीस मायक्रॉननं मोठं झालं तर डोळ्याला काही दिसत नाही, पण बेअरिंग बसत नाही आणि अख्खा कास्टिंग रिजेक्ट होतो. या गोळीचं तसंच आहे. 88 आणि 100 मधला फरक मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शांत मोजायचा, पण शरीराला तो कळतो. त्यामुळं बाटली घेताना आकडा आणि कंपनी दोन्ही दर वेळी तपासायची. काही लेबलांवर 100 मायक्रोग्रॅमच्या जागी 0.1 मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. दुकानदार 'दुसऱ्या कंपनीची देऊ का, सारखीच आहे' म्हणाला तर मी शक्यतो थांबतो. कंपनी बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवून पुन्हा टीएसएच बघायचा. कारण आकडा तोच असला तरी दोन कंपन्यांच्या गोळ्यांतून अंगात जाणाऱ्या औषधात थोडा फरक पडू शकतो.

डोस ठरवणं डॉक्टरांचं काम होतं. माझं काम वेगळं होतं, आणि तेच अवघड होतं.

नियम ऐकायला साधा आहे. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, आणि जमलं तर पूर्ण तास, पाण्याशिवाय पोटात काही नाही. चहा नाही, कॉफी नाही, लिंबू-मध नाही, मेथीचं पाणीही नाही. पोट रिकामं असेल तर गोळीतलं 60 ते 80 टक्के औषध लहान आतड्यातून रक्तात जातं. अन्न असेल तर कमी जातं, आणि किती कमी ते रोजच्या खाण्यावर अवलंबून राहतं. आज पोहे, उद्या मिसळ, परवा नुसता चहा. मग रोज वेगळाच डोस पोटात जाणार आणि रिपोर्टवरून डॉक्टरांना काहीच अंदाज बांधता येणार नाही.

आता माझी सकाळ सांगतो. आमचं घर गंगावेशजवळ. लहानपणी मी तालमीत जायचो. कुस्ती पुढं सुटली, पण दुधाची सवय सुटली नाही. आमच्या भागातल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात मिळतो. सकाळी रंकाळा तलावाला चक्कर मारून येताना तो ग्लास प्यायचा, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम. आणि या गोळीचं दुधाशीच वाकडं. दुधातलं कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि ते रक्तात जायचं राहतं. कॅल्शियमच्या गोळीला चार तासांचं अंतर लागतं. मी डॉक्टरांना विचारलं, म्हशीच्या दुधाच्या मोठ्या ग्लासाला किती? ते हसले नाहीत, त्यांनी नीट विचार करून सांगितलं. "चहात पडतं तेवढ्या दुधाला तासाभराचं अंतर पुरेल. पण तुमचा ग्लास मी कॅल्शियमच्या गोळीतच धरतो. तो सकाळी नको, रात्री घ्या."

कट्ट्यावर पहिल्याच सकाळी गवळी मामांनी हाक मारली, "का वो, आज तसंच?" मी कारण सांगितलं. त्यांनी चरवी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग सांजच्याला या की. म्हस काय दोनदा पिळायची थांबतीया व्हय?" तेव्हापासून माझं दूध संध्याकाळचं झालं आणि मला ते आता जास्त आवडतं.

खरा पेच शिफ्टचा होता. आमच्याकडं पहिली पाळी सातची, दुसरी दुपारी तीनची, तिसरी रात्री अकराची, आणि पाळ्या आठवड्याला बदलतात. 'रोज सकाळी सहा वाजता गोळी' हा नियम तिसऱ्या पाळीत पहिल्याच दिवशी मोडतो. सहाला मी शॉपमध्ये असतो आणि पोटात कँटीनचा चहा-बिस्किट असतं. मी तिन्ही पाळ्यांचं वेळापत्रक एका कागदावर मांडून नेलं: उठायची वेळ, खायची वेळ, चहाची वेळ. डॉक्टरांनी तो कागद समोर ठेवला आणि प्रत्येक पाळीत झोपेतून उठण्याच्या वेळेवर गोल केला. म्हणाले, "गोळी घड्याळाला बांधू नका, झोपेला बांधा. झोपून उठल्यावर पोट रिकामंच असतं, मग सकाळ असो नाहीतर दुपार."

यामागचं कारण त्यांनी समजावलं म्हणून ते लक्षात राहिलं. थायरॉक्सिन रक्तात फार सावकाश ओसरतं. निम्मं व्हायलाच जवळजवळ आठवडा लागतो. त्यामुळं एखाद्या दिवशी सातआठ तास इकडं तिकडं झाले तर बिघडत नाही. पोटात अन्न असताना गोळी घेणं मात्र रोज नुकसान करतं. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त शेवटचं जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. आमच्या घरी दहाला जेवणं होतात आणि वर माझा दुधाचा ग्लास, म्हणून तो पर्याय माझ्यासाठी बाद.

तर पहिल्या पाळीला पाचला उठतो, गोळी घेतो, आंघोळ-पूजा आवरतो, सहाला चहा-पोहे, मग कंपनीची बस. दुसऱ्या पाळीला उठल्यावर गोळी, रंकाळा, परत येऊन नाश्ता. तिसऱ्या पाळीहून आठला घरी येऊन थोडं खाऊन झोपतो, दोनच्या सुमारास उठलो की गोळी आणि तीनला जेवण. पाण्याचा तांब्या आणि बाटली दोन्ही उशाकडच्या कपाटात. बायकोनं कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लावलंय, गोळी घेतली की त्यावर टीक. राहिलंच आणि त्याच दिवशी आठवलं, तर पोट रिकामं असेल तेव्हा घ्यायची, असं मला सांगितलेलं आहे.

आईला मात्र वेगळीच काळजी होती. तिच्या गळ्यात माळ आहे, पंढरीची वारी आहे. आक्कानं तिला कधीतरी सांगितलं होतं की हे औषध जनावरांपासून काढतात. ती मला म्हणाली, "बाळा, त्यात बकऱ्याबिकऱ्याचं काय नसतंय न्हवं?" मी वाचून तिला सांगितलं. तिचं ऐकीव अगदीच खोटं नव्हतं. 1891 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉईड संपलेल्या 46 वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या बाई पुढं 1919 पर्यंत, वयाच्या 74 व्या वर्षापर्यंत जगल्या. त्यानंतर बरीच वर्षं जनावरांच्या वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्या चालल्या. 1914 मध्ये अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं, आणि 1927 मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. आजच्या लिव्होथायरॉक्सिनमधलं औषध असं बनवलेलंच असतं. आई ऐकून घेत राहिली आणि शेवटी त्या 1891 मधल्या बाईंसाठी तिनं हात जोडले. हे औषध नव्हतं तेव्हा माणसं सुजून, गारठून, बुद्धी मंदावून जायची, हे मी तिला सांगितलं होतं.

एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी गोळी चालते का, हेही तिनंच विचारलं. घोटभर पाण्यानं उपास मोडत नाही, असं तीच म्हणाली आणि विषय मिटला.

पहिला फरक कळायला काही आठवडे लागले. थंडी आधी कमी झाली, मग पोट सुधारलं, आवाज बऱ्याच उशिरा मोकळा झाला. मधल्या काळात 'अजून काहीच कसं नाही' म्हणून डोस स्वतःहून वाढवावासा वाटतो, तिथंच थांबायचं असतं. डोस बदलला की रक्तातली पातळी स्थिर व्हायला सहा आठवडे लागतात, म्हणून पुढचा टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. आधी केला तर अर्धवट उत्तर मिळतं. असं पायरी पायरीनं मी 50 वरून 112 वर पोचलो आणि टीएसएच 2 च्या जवळ आला. कोलेस्टेरॉल पुन्हा तपासलं, ते डॉक्टर म्हणाले होते तसं उतरलं होतं.

टीएसएच नॉर्मल आल्यावर शॉपमधल्या दोघातिघांनी सल्ला दिला, "झालं की बरं, आता सोड गोळी." पण नॉर्मल आहे तो गोळीमुळंच. माझी ग्रंथी पुन्हा उभी राहणार नाही, जे ती बनवत नाही ते मी बाहेरून घेतोय.

सगळं सुरळीत चालू असताना एका वर्षी टीएसएच 7 वर गेला. गोळी तीच, वेळ तीच, कॅलेंडरवर सगळे टीक. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "मध्ये दुसरं कुठलं औषध सुरू झालं?" झालं होतं. पित्तासाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल लिहून दिलं होतं आणि ते महिनोन्महिने चालू ठेवायला सांगितलं होतं. पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी नीट विरघळत नाही. माझ्या बाबतीत त्याची आता गरज उरली नव्हती, त्यामुळं ते हळूहळू बंद झालं आणि टीएसएच पुढच्या तपासणीत खाली आला. ज्यांना ते लागतंच, त्यांचा थायरॉईडचा डोस वाढवतात. तेव्हापासून कुठल्याही डॉक्टरकडं जाताना घरातल्या माझ्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून नेतो. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, पित्तावरचं गुलाबी-पांढरं औषध, मल्टिव्हिटॅमिन या सगळ्यांना चार तासांचं अंतर. इसबगोललाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. मंद थायरॉईडनं बद्धकोष्ठ होतं, त्यावर घरोघरी इसबगोल घेतात, आणि सकाळी घेतलं तर तेच गोळीला अडवतं.

या अंतराची सर्वांत जास्त गरज पडली ती भाचीला. ती इचलकरंजीत दिली आहे, तिलाही थायरॉईड आहे. दिवस गेल्याचं कळलं तशी तिनं पहिला फोन आक्काला केला आणि दुसरा मला. मी तिला म्हटलं, "पेढे मागनं, आधी डॉक्टरांना कळव." गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज सुरुवातीलाच साधारण पाव ते एक तृतीयांश वाढते, आणि पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर असते. तिच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात डोस वाढवला आणि दर चार आठवड्यांनी टीएसएच लावला. मग आशाताईंनी, म्हणजे आरोग्यसेविकेनं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. तिन्ही गोळ्या सकाळी एकदम घ्यायचा तिच्या सासूबाईंचा बेत होता, 'विसरायला नको' म्हणून. भावना चांगली होती. भाचीनं उठल्यावर थायरॉईड, दुपारी जेवणानंतर लोह, रात्री कॅल्शियम असं मांडून दिलं आणि सासूबाईंनीच पुढं ते नऊ महिने सांभाळलं. मुलगी झाली, ठणठणीत आहे. बाळाच्या टाचेचं रक्त घेऊन जन्मतः थायरॉईड कमी आहे का हेही तपासून घेतलं.

दुसरी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तालमीजवळचा एक पोरगा मला म्हणाला, "काका, तुमची ती गोळी द्या की थोडी. वजन झटक्यात उतरतंय म्हणं." मी त्याला कट्ट्यावर बसवून घेतलं. थायरॉईड चांगलं असणाऱ्यानं वजनासाठी ही गोळी खाणं धोक्याचं आहे. छातीत धडधड, हृदयाचे ठोके अनियमित होणं, हात थरथरणं, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ होणं, आणि मोठ्या डोसनं जिवावरही बेतू शकतं. उतरतं त्यात स्नायूही असतात, म्हणजे पैलवानाची कमाईच जाते. त्यानं ऐकलं. पण त्याला ही कल्पना कुठून मिळाली, याचा मला अजून घोर आहे.

बाटलीबद्दल एवढंच की तिला ऊन, ऊब आणि दमट हवा सोसत नाही. आमचा पावसाळा तर चार महिने भिंतींना ओल आणणारा. म्हणून बाटली न्हाणीघरात नाही, गॅसजवळ नाही. झाकण घट्ट, आतली सिलिका जेलची पुडी तशीच. आणि घरात एक न फोडलेली बाटली कायम असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी, मग 43 फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. अशा वेळी दुकानात आपला नेमका आकडा मिळेलच असं नाही. थोडे दिवस गोळी नसली तरी लगेच काही होत नाही, तेवढं औषध अंगात असतं. पण पाणी कधी उतरेल हे कुणाला माहीत असतं?

तपासणीच्या दिवशी आधी रक्त देतो, मग गोळी. गोळी घेऊन गेलं तर काही तास रक्तातला टी-फोर जरा वर दिसतो. बायकोनं केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या, त्यातली एकही मी घेत नाही. बायोटिनमुळं काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त येतो. घेत असाल तर निदान दोन दिवस आधी थांबवायचं आणि प्रयोगशाळेत तसं सांगायचं.

परवाचा माझा टीएसएच 2.1 आला. डोस तोच राहिला. पुढची तपासणी आता वर्षानं, पण वजन फार बदललं, दुसरं एखादं औषध सुरू झालं किंवा धडधड जाणवली तर त्याआधी. चालू बाटली निम्मी झालीय, न फोडलेली एक कपाटात आहे, पगार झाला की आणखी एक आणून ठेवायची आहे.